चोर दिसत नाही, पण नोंद राहते!
इंटरनेटच्या काळातील पोलीस तपास आणि आपली कुटुंबे

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी विहारातील सभा आटोपून आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतील एक मावशी आपल्या मुलाला घेऊन दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मावशींनी आयुष्यभर झाडूकाम केले. निवृत्तीनंतर हातात आलेल्या फंडातून कर्ज फेडले आणि उरलेले अडुसष्ट हजार रुपये धाकट्या लेकीच्या लग्नासाठी बँकेत ठेवले होते. आदल्या आठवड्यात त्यांच्या मोबाईलवर एक संदेश आला. मागील बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, ताबडतोब या नंबरवर बोला. मावशींनी फोन केला. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलला. त्याने एक अॅप टाकायला सांगितले आणि 'दहा रुपये भरून बघा' म्हणाला. सात मिनिटांत तीन व्यवहार झाले आणि खाते कोरडे झाले.

"भाऊ, माझ्याच हातानं दिले वो मी. कोणाला सांगू?" मावशी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

मुलाने पुढची हकीकत सांगितली. आणखी पैसे जाऊ नयेत या भीतीने त्याने त्याच रात्री ते अॅप काढले, संदेश पुसला, आलेल्या-गेलेल्या फोनची यादीही साफ केली. चार माणसांत नाचक्की नको म्हणून तीन दिवस घरात गुपचूप ठेवले. चौथ्या दिवशी माय-लेक ठाण्यात गेले. तेथील अधिकाऱ्याने तीन गोष्टी विचारल्या. फोन कोणत्या नंबरवरून आला? संदेश कुठे आहे? व्यवहाराचा क्रमांक काय? यांच्याजवळ एकाचेही उत्तर नव्हते.

आम्ही पेशाने कारकून आहोत. आम्हाला त्या क्षणी असे वाटले, की ज्या कागदावर चोराची सही होती तोच कागद या भोळ्या माणसांनी आपल्या हाताने चुलीत घातला. असे आपल्या घराघरांत घडत आहे. म्हणूनच इंटरनेटमुळे पोलिसांचा तपास कसा बदलला, तो कोठे सोपा झाला आणि कोठे अडतो, हे साध्या भाषेत मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

आवक-जावक नोंदवही

पूर्वी घरफोडी झाली म्हणजे पोलीस काय शोधीत? कुलूप कसे तुटले, बोटांचे ठसे कोठे उमटले, रात्री कोणाला कोणी पाहिले. खबरी, पंच आणि साक्षीदार यांच्यावर सारा तपास चाले. इंटरनेटवरील चोर आपल्या दारात येतच नाही. तो कोणत्या तरी दूरच्या गावी बसलेला असतो. त्याला पाहिलेला साक्षीदार नसतो. मग तो सापडतो कसा?

आमच्या कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. कोणते पत्र कोणत्या तारखेला आले, कोणाकडून आले, कोणत्या टेबलावर गेले, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. पत्र हरवले तरी नोंद राहते. इंटरनेटचा कारभार अगदी असाच आहे. आपण मोबाईलवर काही पाहिले, कोणाला संदेश पाठवला, पैसे वळते केले, की त्याची नोंद एकाच वेळी तीन-चार ठिकाणी होते. मोबाईल कंपनीकडे होते, बँकेकडे होते, ज्याचे अॅप आहे त्या कंपनीकडे होते आणि आपल्या हातातील फोनमध्येही होते. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला त्या वेळेपुरता एक पत्ता मिळतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. पोलीस त्या कंपन्यांना लेखी नोटीस देतात आणि या नोंदी मागवतात.

याचा उपयोग होतो काय? होतो. २००४ साली चेन्नईत एका घटस्फोटित महिलेविषयी कोणीतरी इंटरनेटवर अश्लील मजकूर टाकला आणि तिचा फोन नंबरही देऊन टाकला. तिला नको नको ते फोन येऊ लागले. ती घाबरून घरी बसली नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिने फिर्याद दिली. पोलिसांनी नोंदींचा माग काढला आणि आरोपीला थेट मुंबईत येऊन पकडले. खटल्यात सायबर कॅफे चालवणाऱ्यांच्याही साक्षी झाल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व्या कलमाखाली त्याला शिक्षा झाली. ज्या काळी आपल्यापैकी बहुतेकांनी संगणक लांबूनच पाहिला होता, त्या काळची ही गोष्ट आहे.

चाळीचा पत्ता मिळतो, खोली मिळत नाही

मग प्रत्येक चोर का सापडत नाही? याची कारणे समजून घेतली तर आपला निम्मा राग शांत होईल आणि उरलेला राग योग्य जागी वापरता येईल.

पहिले कारण असे, की एकच आयपी पत्ता मोबाईल कंपन्या एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरायला देतात. चाळीचा पत्ता मिळाला, पण चाळीत शंभर खोल्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे. खोली शोधायची तर वेळ अचूक लागते. तास, मिनिट आणि सेकंदसुद्धा लागतो. "संध्याकाळच्या सुमाराला फोन आला होता," असे सांगून पोलिसांना काही करता येत नाही.

दुसरे कारण म्हणजे नोंदवह्या कायम ठेवल्या जात नाहीत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार वापरकर्त्याने खाते बंद केले तरी समाजमाध्यम कंपन्यांना त्याची नोंदणीची माहिती १८० दिवस जपावी लागते. मोबाईल कंपन्यांना फोनच्या नोंदी दोन वर्षे ठेवण्याचे बंधन २०२१ च्या अखेरीस घातले गेले. मुदत टळली, की नोंद पुसली जाऊ शकते. फिर्याद रखडली म्हणजे पुरावाही झिजत जातो.

तिसरे कारण कंपन्या परदेशी असण्याचे आहे. खाते कोणाच्या नावाने उघडले, एवढी माहिती त्या पोलिसांच्या विनंतीवरून देतात. परंतु आतील मजकूर हवा असेल तर दोन सरकारांमधील कायदेशीर साहाय्याच्या कराराने जावे लागते. हा मार्ग लांबचा आहे आणि त्यात महिनोन्‌महिने जातात.

चौथे कारण कुलपाचे आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअॅपचे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. वाटेत ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. पण ते पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये उघडे असतात. म्हणजे आपला फोन हीच आपल्या खटल्याची फाईल आहे. मावशींच्या मुलाने पुसली ती हीच फाईल.

पैसा कोणत्या वाटेने जातो

आम्ही बी.कॉम. शिकलो तेव्हा गुरुजी सांगत, की प्रत्येक नावेला कोठे तरी जमा असतेच. मावशींच्या खात्यातून पैसे गेले म्हणजे कोणाच्या तरी खात्यात ते जमा झालेच. मग ते खातेदाराला का पकडत नाहीत? कारण ते खाते चोराचे नसते. चोर दुसऱ्याच्या नावाचे खाते भाड्याने घेतो. पैसा पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चार खात्यांत जातो आणि शेवटी कोठल्या तरी एटीएममधून रोख बाहेर पडतो. हे सारे तासा-दोन तासांत उरकते.

म्हणून पहिला तास सोन्याचा आहे. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक त्यासाठीच आहे. या क्रमांकावर फोन केला, की तक्रार संगणकावर चढते आणि ज्या बँकेत पैसा पोहोचला असेल तिला सूचना जाते. पैसा अजून तेथे असेल तर तेवढी रक्कम गोठवली जाते. पुढे गेला असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे सरकते. चोर आणि नोंद यांची ही शर्यत असते. गोठवलेली रक्कम कायदेशीर प्रक्रियेनंतर मूळ मालकाला परत देता येते.

आमच्याच वस्तीतील एका रिक्षाचालक बंधूंचे बावीस हजार असेच गेले. त्यांच्या घरच्या ताई अंगणवाडीत मदतनीस आहेत. कोठल्या तरी बैठकीत त्यांनी १९३० हा आकडा ऐकला होता. त्यांनी नवऱ्याशी भांडण्यात वेळ घालवला नाही. वीस मिनिटांत फोन लावला. चौदा हजार रुपये वाटेतच अडकले. मावशींचे अडुसष्ट हजार मात्र चौथ्या दिवसापर्यंत थांबायला तयार नव्हते.

मोठ्या बँकांनाही हा तडाखा बसला आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकात शिरून चोरांनी ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून रोकड काढली गेली. पोलिसांनी काय केले? देशातील ज्या एटीएमवर पैसे निघाले तेथील कॅमेऱ्यांची चित्रे आणि मोबाईलच्या नोंदी जुळवून एकेक माणूस गाठला. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. परंतु हे लोक प्रामुख्याने येथे एटीएमवर जाऊन पैसे काढणारे आणि त्यांना जमवणारे होते. सीमेपलीकडे बसून डाव रचणारे हात तेथपर्यंत लांबच राहिले. इंटरनेटवरील तपासाचे बळ आणि त्याची मर्यादा या एकाच खटल्यात दिसते.

माग येतो तो आपल्या पोरांच्या दारात

आता एक कटू गोष्ट बोलायची आहे. ती बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

नोंदींचा माग काढीत पोलीस सर्वांत आधी कोणाकडे पोहोचतात? ज्याच्या नावाने खाते आहे त्याच्याकडे. आणि असे खाते भाड्याने देणारा बहुधा गरिबाचा पोर असतो. आमच्या ओळखीच्या एका घरातील बारावी झालेल्या मुलाला कोणीतरी सांगितले, की तुझ्या नावाने बँकेत खाते उघड, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड आम्हाला दे, महिन्याला तीन हजार घरबसल्या मिळतील. बाप आजारी, घरात दुसरी कमाई नाही. पोराने दिले. दोन महिन्यांनी परराज्यातील पोलीस पहाटे दारात उभे राहिले. त्याच्या खात्यातून कोणा निवृत्त मास्तरांचे लाखो रुपये फिरले होते. पोराला तीन हजारांखेरीज एक पैसा मिळाला नव्हता. पण नोंदवहीत नाव त्याचे होते, सही त्याची होती, फोटो त्याचा होता.

त्याची आई आम्हाला म्हणाली, "दादा, माझं पोरगं चोर नाही." तिचे म्हणणे आम्हाला पटते. परंतु संगणकाची नोंद माणसाची गरिबी ओळखत नाही. ती फक्त नाव ओळखते. फसवणुकीच्या गुन्ह्यात असा खातेदार आरोपी होतो. वकील, तारखा, बंद पडलेले खाते आणि हातची गेलेली नोकरी हे सारे त्याच्या वाट्याला येते. ज्याने डाव रचला तो दुसरा पोर शोधायला निघून जातो.

म्हणून आम्ही प्रत्येक आई-बापाला कळकळीने सांगतो. आपले नाव, आधार कार्ड, पासबुक आणि सिमकार्ड ही भाड्याने द्यायची वस्तू नाही. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर पाहता येते. अनोळखी नंबर दिसला तर तो तेथूनच बंद करण्याची मागणी करता येते. मोबाईल हरवला तर तोही तेथे बंद पाडता येतो. एका संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून हे काम उरकून घ्या.

न्यायालयात काय टिकते

चोर सापडला तरी खटला टिकला पाहिजे. संगणकावरील पुरावा सहज बदलता येतो. त्यामुळे न्यायालय त्याच्या खरेपणाची खात्री मागते. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरला गेला की काय, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील कॅमेऱ्याच्या चित्रीकरणावरून सिद्ध करायचे होते. त्या प्रकरणी जुलै २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर त्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही असे प्रमाणपत्र आहे. त्यात त्या फाईलचा 'हॅश' नावाचा आकडा लिहावा लागतो. माणसाला जसा अंगठ्याचा ठसा, तसा फाईलला हा ठसा. आतील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो.

प्रमाणपत्राचे काम पोलीस आणि तज्ज्ञ पाहतील. आपण एवढेच करायचे, की मूळ वस्तू हलवायची नाही. संदेश पुसू नका. फोन विकू नका, दुरुस्तीच्या दुकानात नेऊन साफ करून घेऊ नका. पडद्याचा फोटो काढा, पण मूळ संदेशही राहू द्या. पोलिसांनी फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे, असे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमातच लिहिलेले आहे. हा नियम फिर्यादीच्या जेवढा उपयोगाचा, तेवढाच आरोपीच्याही उपयोगाचा आहे.

ठाण्याची पायरी चढताना

"हे सायबरवाल्यांचे काम, तिकडे जा," असे उत्तर ऐकून परत आलेली कितीतरी माणसे आम्हाला भेटतात. यात अर्धे खरे असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या हुद्द्याखालील अधिकाऱ्याला करता येत नाही, असे त्या कायद्याचे ७८ वे कलम सांगते. परंतु तपास कोणी करायचा आणि फिर्याद कोणी घ्यायची या वेगळ्या गोष्टी आहेत. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निर्णय आहे. गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला हा प्रश्न आधी उभा करता येत नाही. नव्या संहितेच्या १७३ व्या कलमानुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. इंटरनेटवरूनही देता येते. मात्र तशी दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. शिवाय संवेदनशील गुन्हे वगळून बाकीच्या फिर्यादी पोलिसांच्या संकेतस्थळावर २४ तासांत चढवाव्यात, असे न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. ज्या माणसाला ठाण्यात खुर्ची मिळत नाही त्याला हे कलम-आकडे उपयोगी पडतात. ते कागदावर लिहून खिशात ठेवावेत.

बँकेकडेही त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आपली चूक नसताना परस्पर पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर तोटा टाकू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले. आपणच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचा तोटा आपला धरला जातो. तरीही कळवल्यानंतर गेलेल्या पैशांची जबाबदारी बँकेवर येते. पोच घ्यायची ती एवढ्यासाठीच.

लेकीची बदनामी झाली तर

घरातील मुलीचा फोटो कोणी बदलून पसरवला, तर आपल्याकडे पहिली थप्पड तिलाच बसते आणि तिचा मोबाईल फोडला जातो. असे करून आपण पोरीला एकटी पाडतो आणि गुन्हेगाराचा पुरावाही नष्ट करतो. तिला जवळ घ्या. ज्या खात्यावरून फोटो आला त्याचे नाव, पत्ता, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. मग तक्रार करा. केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर महिला व बालकांविषयीच्या अश्लील चित्रफितींची तक्रार नाव न देताही करण्याची सोय आहे. इंटरनेटवरून मुलीच्या मागे लागणे हादेखील भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. चेन्नईच्या त्या महिलेने २००४ साली जे धैर्य दाखवले ते आपल्या लेकीनेही दाखवावे, असे वाटत असेल तर आधी घराने तिच्या पाठीशी उभे राहावे लागेल.

अफवा, आग आणि अटक

इंटरनेटमुळे पोलिसांना गुन्हेगार शोधता येतो. त्याच इंटरनेटमुळे पोलीस पोहोचण्याआधी जमाव न्याय करून मोकळाही होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे काय झाले ते विसरता येणार नाही. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच गरीब माणसे भिक्षा मागण्यासाठी त्या गावी गेली होती. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होते. आठवडी बाजारात जमावाने त्या पाचही जणांना पकडले आणि ठेचून मारले. ज्यांनी मोबाईलवर त्या मारहाणीचे चित्रीकरण केले, त्यांच्याच चित्रफितींवरून पोलिसांनी मारेकरी ओळखले. मोबाईलने खून घडवला आणि मोबाईलनेच साक्ष दिली. पण पाच जीव परत आले नाहीत. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे पाठवण्यावर भारतात मर्यादा आणली.

दुसरे टोकही लक्षात ठेवावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या आवडल्याचे बटण दाबले होते. पुढे तो गुन्हा बंद झाला. ज्या ६६-अ कलमाचा वापर झाला ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. मत मांडणे गुन्हा नाही. पण भडकावणारा, खोटा किंवा दुसऱ्याचा अपमान करणारा संदेश पुढे ढकलला तर आपल्याही नावाची नोंद त्या साखळीत होते, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

बाबासाहेबांच्या फोटोची विटंबना करणारा मजकूर मोबाईलवर आला, की आपल्या वस्तीत रक्त उसळते. ते उसळणे आम्ही समजू शकतो. आमचेही उसळते. पण तो मजकूर 'बघा, बघा' म्हणत शंभर जणांना पाठवला तर चोराचेच काम आपण करतो. रस्त्यावर दगड उचलला तर कॅमेऱ्यात आपलाच चेहरा येतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३(१)(व्ही) आले. आपल्या समाजाला पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी किंवा अन्य मार्गाने अनादर करणे हा त्याखाली गुन्हा आहे. या कायद्याखालील तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. मजकुराची प्रत, खात्याचा पत्ता आणि वेळ घेऊन दोन जाणत्या माणसांनी ठाण्यात जावे. अशी एक व्यवस्थित फिर्याद शंभर दगडांपेक्षा भारी असते.

खोटे पोलीस

शेवटी पोलिसांच्याच नावाने होणाऱ्या लुटीविषयी. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातील माणूस दिसतो. मागे बोधचिन्ह लावलेले असते. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, खोलीबाहेर जाऊ नका,' असे तो धमकावतो. भारताच्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट नाही. पोलीस फोनवर अटक करीत नाहीत आणि सुटकेसाठी खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत. हजर राहण्याची पोलिसांची नोटीसदेखील व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. पिढ्यान्‌पिढ्या खाकीला भ्यालेल्या आपल्या माणसांना या फसवणुकीचा धोका अधिक आहे. असा फोन आला तर तो ठेवून द्या. नंबर पुसू नका. १९३० फिरवा.

मावशींच्या प्रकरणात आम्ही त्यांच्यासोबत बँकेत गेलो. खातेउतारा मागवला. त्यात तिन्ही व्यवहारांचे क्रमांक आणि वेळा मिळाल्या. मोबाईल कंपनीकडे फोनची नोंद असतेच, ती मागवावी असा अर्ज लिहून दिला. फिर्याद दाखल झाली आणि तिची प्रत मावशींच्या हातात आली. पैसे अजून मिळालेले नाहीत. मिळतील असे खोटे आश्वासन आम्ही त्यांना दिलेले नाही. पण परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा दिनदर्शिकेशेजारी भिंतीवर खडूने मोठ्या आकड्यांत १९३० लिहिलेले दिसले. मावशींना अक्षरे वाचता येत नाहीत, आकडे येतात. लेकीचे लग्न त्यांनी पुढे ढकलले आहे. शेजारच्या बाई चहाला आल्या, की त्या आधी भिंतीकडे बोट दाखवतात आणि आपली फजिती स्वतःच सांगतात. "लाज धरून बसले म्हणून गेले," असे त्या म्हणतात.

दर रविवारी सभेनंतर एक तास आम्ही विहारात थांबतो. ज्यांचे पैसे गेले आहेत, ज्यांच्या लेकीला कोणी छळते आहे, ज्यांच्या पोराने खाते भाड्याने दिले आहे, त्यांनी मोबाईल, पासबुक आणि आधार कार्ड घेऊन यावे. तक्रार लिहायला आम्ही मदत करू. मात्र पैसे आताच गेले असतील तर रविवारची वाट पाहू नका. आधी १९३० ला फोन करा, मग आमच्याकडे या.